बॉण्डच्या नव्या संगीतकाराला गाणेही द्या आणि वेळही: निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
ॲमी पास्कल व डेव्हिड हेमन (निर्माते), डेनी विलेन्यूव्ह (दिग्दर्शक) आणि ॲमेझॉन एमजीएममध्ये संगीताचे काम पाहणारी सर्व मंडळी

स. न. वि. वि.

जेम्स बॉण्डच्या सव्विसाव्या चित्रपटाला संगीत कोणाचे, या प्रश्नावरून चाहत्यांत उघड तट पडले आहेत. डेव्हिड अर्नोल्डना परत बोलवा, असे एका गटाचे म्हणणे. दिग्दर्शक विलेन्यूव्ह असताना हान्स झिमरच हवेत, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याला कोणीतरी अगदी नवा हवा आहे. नावावरून होणाऱ्या या भांडणात आम्हाला पडायचे नाही. आजवरच्या पंचवीस चित्रपटांना दहा संगीतकार लाभले. त्यांतले अकरा चित्रपट एकट्या जॉन बॅरींचे, पाच अर्नोल्डचे, दोन टॉमस न्यूमनचे आणि बाकीच्या सातजणांच्या वाट्याला एकेकच. या सगळ्यांचे काम शेजारी शेजारी ठेवून ऐकले की एक गोष्ट लक्षात येते. काम उत्तम झाले की फसले, हे माणसाच्या गुणवत्तेइतकेच त्याला काय हाती दिले आणि केव्हा दिले यावर ठरत आले आहे. नाव आपण ठरवा. त्याच्या करारात काय असावे, एवढेच आम्ही मागतो आहोत.

पहिले आणि सर्वांत मोठे मागणे असे: शीर्षकगीताची चाल नव्या संगीतकारालाच करू द्या. ते शक्य नसेल, तर ती चाल घडत असताना त्याला त्या खोलीत बसवा.

‘गोल्डफिंगर’ (१९६४) घ्या. चाल बॅरींची, शब्द लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली यांचे, आवाज शर्ली बॅसींचा. गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. चाल मात्र संपत नाही. मायामीत ती जॅझच्या अंगाने येते. स्वित्झर्लंडच्या घाटरस्त्यावर बॉण्ड पाठलाग करतो तेव्हा ती त्याच्या गाडीबरोबर वळणे घेते. खलनायक पडद्यावर नसला तरी त्याचे नाव कानात राहते. बॉण्डपटांच्या संगीताची ही मूळ रीत आहे. सुरुवातीला गाणे कानावर घालायचे आणि पुढचे दोन तास त्याच सुरांतून गोष्ट सांगायची. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये (१९६९) लुई आर्मस्ट्राँग यांनी गायलेले ‘वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड’ चित्रपटाच्या पूर्वार्धात प्रेमाचे गाणे म्हणून येते आणि शेवटी बॉण्डची नवपरिणीत पत्नी ट्रेसी हिच्या मृत्यूवर त्याच चालीचे वाद्यरूप वाजते. ती चाल आधी सुखात ऐकलेली नसती, तर त्या शेवटाला निम्मेही वजन आले नसते. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये झिमरनी हीच चाल इटलीतल्या मटेराच्या रस्त्यावर पुन्हा वापरली. बावन्न वर्षे जुना हिशेब त्यांनी त्या काही सुरांत मांडला. ज्यांना जुना चित्रपट ठाऊक होता, त्यांना पुढे काय होणार याची चाहूल तिथेच लागली.

गाणे दुसऱ्याचे असले तरी ही रीत पाळता येते, पण ते वेळेवर हाती आले पाहिजे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’चे (१९६३) गाणे लायोनेल बार्ट यांचे. बॅरींनी ते पार्श्वसंगीतात इतके मुरवले की परके वाटत नाही. ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) पॉल आणि लिंडा मॅकार्टनींचे. त्या गाण्याचे वाद्यवृंद-संयोजन जॉर्ज मार्टिन यांचे आणि चित्रपटाचे पार्श्वसंगीतही त्यांचेच, म्हणून दोन्ही एका जिवाची झाली. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये (१९८७) बॅरींनी तीन गाणी वापरली. एक ‘आ-हा’ या बँडबरोबर केलेले शीर्षकगीत आणि दोन ‘प्रिटेंडर्स’ या बँडबरोबरची. त्यांतले एक मारेकऱ्याच्या वॉकमनमध्ये वाजते आणि तीच चाल पुढे त्याच्या हल्ल्यांच्या वेळी पूर्ण वाद्यवृंदावर येते. कथेतली वस्तू, गाणे आणि पार्श्वसंगीत यांची अशी गाठ आम्ही मालिकेत दुसरीकडे ऐकलेली नाही. बॅरींचा हा शेवटचा बॉण्डपट. अभ्यासाला यापेक्षा चांगला नमुना नाही.

उलट बाजू पाहा. ‘टुमारो नेव्हर डाइज’साठी (१९९७) अर्नोल्डनी डॉन ब्लॅक यांच्या शब्दांवर ‘सरेंडर’ हे गाणे केले आणि त्याच चालीवर सगळे पार्श्वसंगीत उभारले. शीर्षकावर मात्र शेरिल क्रो यांचे वेगळेच गाणे गेले आणि के. डी. लँग यांनी गायलेले ‘सरेंडर’ शेवटच्या श्रेयनामावलीत ढकलले गेले. परिणाम असा की सुरुवातीला जे गाणे ऐकवले ते पुढे येत नाही आणि पुढे जे सतत येते ते प्रेक्षकाने आधी ऐकलेलेच नसते. उभारणी पक्की आणि पाया मागच्या अंगणात. ‘स्कायफॉल’ (२०१२) तर अधिकच चुटपुट लावते. अडेल आणि पॉल एपवर्थ यांचे गाणे ऑस्करपर्यंत गेले, न्यूमन यांच्या पार्श्वसंगीतालाही नामांकन मिळाले. पण ती चाल पार्श्वसंगीतात ठळकपणे भेटते ती एकदाच, बॉण्ड होडीतून मकाऊच्या कॅसिनोकडे जातो तेव्हा. तो प्रसंग किती उजळतो ते पाहिल्यावर बाकीच्या दोन तासांत ती का नाही, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

हे घडते कसे, तेही सर्वांना ठाऊक आहे. गायकाचा करार रेकॉर्ड कंपनीशी असतो, गाणे प्रसिद्धीच्या वेळापत्रकाने येते आणि तोवर पार्श्वसंगीत अर्धेअधिक लिहून झालेले असते. चालीचे हक्क वेगळ्या हातांत असले, तर तिचा प्रत्येक वापर म्हणजे नवी परवानगी आणि मानधनाची नवी वाटणी. त्यापेक्षा ती न वापरणे सोपे पडते.

म्हणून क्रम बदला. संगीतकाराशी करार आधी, गायकाशी नंतर. पटकथा पक्की झाली की चित्रीकरणाआधीच संगीतकाराकडून तीन चाली मागा: बॉण्डच्या या गोष्टीची, स्त्रीपात्राची आणि खलनायकाची. त्या फक्त पियानोवर ऐका. संगणकातला तयार वाद्यवृंद लावून ऐकू नका, कारण त्या भपक्यात दुबळी चालही भरदार वाटते आणि फसगत उशिरा कळते. जी चाल एका पियानोवर उभी राहते, ती चार फ्रेंच हॉर्नवरही राहील आणि एकट्या बासरीवरही. गाणे बाहेरच्या कलाकाराचेच हवे असेल, तर त्याची स्वरलिपी आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक स्पॉटिंगच्या बैठकीआधी, म्हणजे कोणत्या प्रसंगावर संगीत कुठून सुरू होऊन कुठे थांबणार हे ठरण्याआधी, संगीतकाराकडे पोचू द्या. आणि गाण्याच्या करारातच एक ओळ असू द्या: ही चाल पार्श्वसंगीतात हवी तितक्या वेळा, हव्या त्या रूपात वापरता येईल.

आता मूळ बॉण्ड धुनेविषयी. ती २१ जून १९६२ रोजी लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सीटीएस स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. चाल मॉण्टी नॉर्मन यांची, संयोजन बॅरींचे, गिटार विक फ्लिक यांची. चालीचे मूळ आमच्या वाचकांना जवळचे आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या त्रिनिदादमधल्या भारतीयांवरच्या कादंबरीवर एक संगीतिका होणार होती, ती रंगमंचावर आलीच नाही. तिच्यातल्या एका गाण्याची चाल नॉर्मन यांनी ‘डॉ. नो’साठी काढून दिली. तिला आजचे रूप दिले ते बॅरींच्या संयोजनाने. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरांनी काय काम केले आहे हे जाणणाऱ्यांना चाल आणि संयोजन यांतला हा फरक वेगळा सांगायला नको.

धून ऐकायची तर तिचे भाग सुटे करून ऐकावी. षड्ज पांढरी तीनचा, म्हणजे ‘ई’चा, धरा. खाली ‘सा’ धरलेला आणि वर प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध असा सुरांचा पाळणा. हा पहिला भाग. त्यावर गिटारची ओळ: सा वरून रे, मग कोमल ग, पुन्हा रे आणि शेवटाला शुद्ध नी, कोमल नी, प, म, प अशी घसरण. तिसरा भाग ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा, झुलत्या जॅझ लयीतला. सगळ्यांत शेवटी तो प्रसिद्ध कॉर्ड: सा, कोमल ग, प, शुद्ध नी आणि वरचा रे. हे सगळे सूर आपल्या पटदीप रागातही आहेत. तिथे ते एकामागून एक येऊन आर्त होतात, इथे सगळे एकदम वाजतात आणि धोका कानात ठेवून थांबतात. कोमल ग आणि शुद्ध नी यांची ओढ सुटत नाही, त्यातच त्या कॉर्डाची सगळी जादू आहे.

गेल्या काही चित्रपटांत यातला पहिला भागच जास्त वापरला जातो, कारण चार सुरांचा तो पाळणा कोणत्याही ठेक्यावर आणि कोणत्याही पाठलागाखाली बसतो. बॉण्डने गाडीचे दार उघडले की तो सुरू. अशाने धून झिजते. ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (२००६) अर्नोल्डनी काय केले ते आठवा. बॉण्ड अजून बॉण्ड झालेला नाही म्हणून त्यांनी धून राखून ठेवली. तो आरशासमोर डिनर जॅकेट घालून पाहतो, तिथे नुसती चाहूल. बाकी सगळा भार ‘यू नो माय नेम’च्या चालीवर, जी त्यांनी ख्रिस कॉर्नेलबरोबर केली होती. शेवटी कोमो सरोवराकाठच्या घरापुढे तो आपले नाव सांगतो आणि मगच गिटार सुरू होते. आपलाही नायक नवा असणार आहे. नव्या संगीतकाराला हा संयम पाळण्याची मुभा द्या आणि ‘इथे धून टाका’ अशा चिठ्ठ्या पाठवू नका. एक जागा मात्र मोकळ्या मनाने द्या: बंदुकीच्या नळीचे दृश्य (नळीतून दिसणारा बॉण्ड वळून गोळी झाडतो ते) चित्रपटाच्या आरंभीच ठेवा आणि तिथे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसह धून वाजू द्या. ते दृश्य मागे शेवटी नेण्याचे प्रयोग झाले आहेत, ते आम्हाला कधीच पटले नाहीत.

तिसऱ्या भागाबद्दल वादकांच्या वतीने एक सांगायचे आहे. तो झुलत्या लयीत लिहिलेला आहे. आधी सरळ सोळांशाचा यांत्रिक ठेका तयार करून त्याच्या क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या टिकटिकीवर, ट्रम्पेटवाल्यांना वाजवायला लावले की झोका जातो आणि उरते ती कवायत. आधी ड्रमर, बास, गिटार आणि पितळी वाद्ये एकाच खोलीत एकमेकांचे ऐकत वाजू द्या, यांत्रिक थर नंतर चढवा. हल्ली तंतुवाद्ये एका दिवशी, पितळी वाद्ये दुसऱ्या दिवशी अशी वेगवेगळी मुद्रित करतात. संकलन शेवटपर्यंत बदलत असल्याने त्याची सोय आम्हाला कळते. पण शीर्षक आणि दोन-तीन मोठे प्रसंग तरी एकत्र मुद्रित करा. एकत्र वाजवताना ट्रॉम्बोनच्या दणक्याला व्हायोलिन आपोआप उत्तर देतात. मिक्सिंगच्या टेबलावर ते आणता येत नाही.

आणि गिटार. फ्लिक यांच्याकडे १९३९ची क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन डीलक्स होती, तिला तारांचा आवाज टिपणारा डीआर्मंड पिकअप लावलेला आणि आवाज फेंडर व्हायब्रोलक्स अँप्लिफायरमधून. पिकअप तारांच्या जवळ यावा म्हणून त्याखाली सिगारेटचे दाबलेले पाकीट सरकवले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. जाड तारा, ब्रिजजवळ जोरात मारलेली नखी, म्हणून तो करकरीत, खालच्या पट्टीतला आवाज. ‘नो टाइम टू डाय’साठी झिमरनी जॉनी मार यांना बोलावले तेव्हा अनेक वर्षांनी गिटार पुन्हा माणसाच्या हातातली वाटली. या वेळीही वादक नेमा, संगणकातले सँपल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले सुटे सूर, नको.

वेळेचे गणित साधे आहे. शंभर मिनिटांचे संगीत दहा आठवड्यांत लिहायचे, तर आठवड्याला दहा मिनिटे आणि पाच दिवसांच्या आठवड्यात रोज दोन मिनिटे पूर्ण संयोजनासह. त्यात दर आठवड्याला नवे संकलन येते आणि जुळवलेले ठोके सरकतात. घाईची उदाहरणे या मालिकेत पहिल्यापासून आहेत. ‘थंडरबॉल’चे (१९६५) काम इतके उशिरापर्यंत चालले की तबकडी छापायला गेली तेव्हा उत्तरार्धाचे संगीत तिच्यात नव्हतेच. ‘गोल्डनआय’मध्ये (१९९५) एरिक सेरा यांनी सेंट पीटर्सबर्गमधल्या रणगाड्याच्या पाठलागाला दिलेले संगीत बाजूला ठेवून जॉन ऑल्टमन यांच्याकडून ऐनवेळी नवे करून घ्यावे लागले. ‘नो टाइम टू डाय’साठी झिमर जानेवारी २०२०मध्ये डॅन रोमर यांच्या जागी आले तेव्हा चित्रपट एप्रिलमध्ये लागायचा होता. दरवेळी कोणीतरी निभावून नेते, म्हणून ही पद्धत बरी ठरत नाही. संगीतकाराला चित्रीकरणाआधी घ्या आणि पक्के संकलन हाती दिल्यावर किमान बारा आठवडे द्या.

विलेन्यूव्हसाहेब, यापुढचा मजकूर खास आपल्यासाठी. आपल्या ‘प्रिझनर्स’, ‘सिकारिओ’ आणि ‘अरायव्हल’ला योहान योहानसन यांनी दिलेले संगीत आम्ही मनापासून मानतो. ‘सिकारिओ’तला खालून वर येणारा तो भीतीचा सूर बॉण्डपटातही शोभेल. पण ‘अरायव्हल’च्या आरंभी आणि शेवटी मॅक्स रिक्टर यांची आधीपासून असलेली रचना राहिली आणि त्यामुळे योहानसन यांचे संगीत ऑस्करच्या स्पर्धेत धरले गेले नाही. ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये तर ते मध्येच बाजूला झाले आणि झिमर व बेंजामिन वॉलफिश आले. संकलन करताना तात्पुरते म्हणून दुसऱ्याचे संगीत लावले जाते, कान त्याला सरावतात आणि मग खरा संगीतकार काहीही घेऊन आला तरी उपरे वाटते. बॉण्डच्या बाबतीत हा धोका दुप्पट, कारण तात्पुरते म्हणून जुने बॅरी लावण्याचा मोह कोणालाही होईल. मग नव्या माणसाला नक्कल तरी करावी लागेल किंवा भांडण तरी. त्याने सुरुवातीला केलेल्या त्या तीन चालीच तात्पुरत्या म्हणून लावा.

आमचा विरोध इलेक्ट्रॉनिक वाद्यांना आहे, असा समज करून घेऊ नका. ‘ऑन हर मॅजेस्टीज...’च्या शीर्षकधुनेत १९६९ साली बॅरींनी मूग सिंथेसायझरचा खर्ज लावला होता आणि ती धून आजही अंगावर येते. १९८७मध्ये त्यांनी वाद्यवृंदाखाली यांत्रिक ठेके घातले. संथपणालाही विरोध नाही. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये (१९६७) अंतराळात एक यान दुसऱ्याला गिळते तेव्हा बॅरी लय वाढवत नाहीत, एकच आकृती सावकाश पुन्हा पुन्हा वाजवत तिच्यावर थर चढवत जातात. आपल्या पद्धतीचा संगीतकार इथे सहज रमेल. मागणे इतकेच की त्या थरांत कुठेतरी चित्रपटगृहातून बाहेर पडताना गुणगुणता येईल अशी चाल असावी. वातावरणनिर्मिती प्रसंग सांभाळते, पण पुढच्या चित्रपटापर्यंत लोकांच्या तोंडी राहते ती चालच. जिथे संगीत नको तिथे ते काढून घेण्याचा धीरही हवा: ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली रेल्वेच्या डब्यातली ग्रांट या मारेकऱ्याशी झालेली मारामारी संगीताशिवाय आहे, फक्त दणके, श्वास आणि रुळांचा आवाज, आणि तिच्या तोडीची मारामारी पुढे क्वचितच झाली.

आमच्या बरोबरीच्या चाहत्यांनाही एक विनंती. नाव जाहीर झाल्याच्या दिवशी त्या माणसाला झोडपू नका. बॅरींच्या जागेवर आलेल्या प्रत्येकाला हे सोसावे लागले आहे. मार्विन हॅमलिश यांनी ‘द स्पाय हू लव्हड मी’मध्ये (१९७७) डिस्कोचा ठेका आणला म्हणून आजही नाके मुरडली जातात, पण ‘नोबडी डझ इट बेटर’ची चालही त्यांचीच आहे, हे त्याच दमात सांगायला हवे. चित्रपट पाहा, मग संगीत वेगळे काढून ऐका आणि मग बोला.

शेवटची मागणी श्रेयनामावलीची. ‘डॉ. नो’च्या पडद्यावर धून वाजवणारे म्हणून ‘जॉन बॅरी आणि वाद्यवृंद’ एवढीच नोंद आहे. जी गिटार जगाने ऐकली, ती वाजवणाऱ्या फ्लिक यांचे नाव तिथे नाही. ते नोव्हेंबर २०२४मध्ये गेले. सव्विसाव्या चित्रपटात संगीतकाराबरोबर संयोजकांची, वाद्यवृंद चालवणाऱ्याची आणि एकल वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाची नावे त्यांच्या वाद्यासह द्या. आणि चित्रपटात वाजलेले संपूर्ण संगीत, प्रसंगांच्या क्रमाने, पहिल्याच आवृत्तीत प्रसिद्ध करा. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’चे सविस्तर संगीत हाती यायला २०१८ उजाडले होते, म्हणजे चित्रपटानंतर एकोणीस वर्षे.

कळावे,

आपले,
बॉण्डपटांचे संगीत मराठी मुलखातून ऐकणारे आणि वाजवणारे